लाखात अठ्ठेचाळीस : शहरातल्या स्त्रियांचा स्तनाचा कर्करोग आणि आपली बचत

बचतीच्या पुस्तिकेत आजाराचा पाठ कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण माझ्या काउंटरवर घडलेल्या एका प्रसंगात आहे.

मी हैदराबादच्या एका शाखेत काम करते. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक मराठी बाई नेहमी येतात. एकदा त्यांनी विचारले, "मॅडम, एफडी आत्ता मोडली तर किती कापले जातील?" मुदत संपायला सात महिने राहिले होते. मी संगणकावर पाहून दंड आणि व्याजातली घट सांगितली. "राहू दे मग, मुदत पुरी होऊ दे," असे म्हणून त्या गेल्या. पैसे कशासाठी हवेत हे मी विचारले नाही. ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळते, हेही सांगितले नाही. सात महिन्यांनी त्या आल्या तेव्हा हातात रुग्णालयाची फाइल होती. पहिल्या वेळी आल्या तेव्हाच त्यांना स्तनात गाठ लागली होती आणि तपासणीसाठी पैसे हवे होते. आता गाठ काखेपर्यंत पोहोचली होती. त्यांचे उपचार सुरू आहेत आणि त्या अजूनही शाखेत येतात. पण थोडे व्याज वाचवण्यासाठी गेलेले ते सात महिने परत मिळणार नाहीत. हा पाठ त्या प्रसंगातून लिहिला आहे.

आकडा वाचायला शिकू या

कर्करोगाचे रुग्ण मोजण्याचे काम आपल्या देशात जुने आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. त्यामुळे शहर आणि खेडे यांची तुलना करता येऊ लागली.

या नोंदींतून एक मोठा बदल दिसतो. चाळीस वर्षांपूर्वी चेन्नईसारख्या शहरात स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त होता. पुढे तो कमी होत गेला आणि स्तनाचा कर्करोग वाढत गेला. आज सर्व मोठ्या शहरांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अजूनही बरेच कमी आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार एका वर्षात दर एक लाख स्त्रियांमागे नवे रुग्ण असे होते : हैदराबाद ४८, चेन्नई सुमारे ४२, बंगळूरु सुमारे ४०, दिल्ली सुमारे ३९. हे दर वयानुसार समायोजित केलेले असतात. एखाद्या शहरात वयस्कर लोक जास्त असले तरी तुलना बिघडू नये, म्हणून तसे करतात.

लाखात ४८ म्हणजे फारच थोडे, असे वाटणे साहजिक आहे. पण हा व्याजदरासारखा वार्षिक दर आहे. एका वर्षाचे व्याज लहान दिसते, पण तीस-चाळीस वर्षांत तीच रक्कम केवढी होते हे पीपीएफ खातेदाराला ठाऊक असते. इथेही तसेच आहे. दरवर्षीचा धोका जमत जातो. त्याच अहवालाच्या हिशेबाने, वयाच्या ७४ वर्षांपर्यंत दर २९ भारतीय स्त्रियांपैकी एकीला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता आहे. तुमच्या भिशीत किंवा बचत गटात किती जणी आहेत, ते मोजून पाहा.

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे लवकर, बहुधा पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात गाठतो. घराचे हप्ते, मुलांची फी आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणी एकाच वेळी चालू असते, ते हेच वय.

शहरातच जास्त का?

एकच कारण नाही. पहिले मूल उशिरा होणे, मुले कमी असणे, स्तनपानाचा काळ कमी होणे, पाळी थांबल्यानंतर वाढलेले वजन, बैठे काम आणि मद्यपान या गोष्टींनी धोका वाढतो. आयुर्मान वाढले, तसेच शहरात निदानाच्या सोयी असल्याने नोंदही जास्त होते. आनुवंशिक दोषामुळे होणारे रुग्ण साधारण पाच ते दहा टक्केच असतात. त्यामुळे "आमच्या घरात कुणाला नाही" हा दिलासा पुरेसा नाही.

यात कुणा बाईचा दोष नाही. उशिरा लग्न केले किंवा नोकरी केली म्हणून आजार झाला, असे कुणाही एकीकडे बोट दाखवून म्हणता येत नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही. सुईने तपासणी केल्यामुळे तो 'भडकतो', ही समजूतही चुकीची आहे.

उशीर हेच सर्वांत महागडे कर्ज

पहिल्या टप्प्यात सापडलेल्या बहुसंख्य स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. शेवटच्या टप्प्यात हे प्रमाण फार खाली येते. तरीही आपल्याकडे बऱ्याच जणी गाठ मोठी झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतात.

लवकर शोधण्यासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या प्रशिक्षित महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. तिथे आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तशी घट दिसली नाही. म्हणून तरुण वयात केवळ तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये, बदल दिसताच जावे.

हे बदल कोणते? न दुखणारी कडक गाठ, काखेतली गाठ, त्वचेला खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तासारखा स्राव येणे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचे असते, आपण घरी बसून ठरवायचे नसते.

तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, स्तनाची हाताने तपासणी विनामूल्य होते.

पैसा कुठे जातो?

घरचे लोक शस्त्रक्रियेचा खर्च धरतात आणि बाकीचा विसरतात. तपासण्या, केमोथेरपी, किरणोपचार आणि पुढे पाच किंवा अधिक वर्षे रोजची गोळी, असा हा लांबचा प्रवास असतो. काही रुग्णांना दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन वर्षभर घ्यावे लागते. त्याशिवाय येण्याजाण्याचे भाडे, सोबत्याचा बुडालेला रोज आणि खुद्द बाईची थांबलेली कमाई असते. हा दुसरा खर्च कोणत्याही विम्याच्या बिलात दिसत नाही. म्हणून तयारी दोन भागांत करावी : मोठ्या बिलासाठी विमा आणि छोट्या खर्चासाठी बचत.

पायरी १ : आकस्मिक निधी

घरखर्च महिना १८,००० रुपये असेल तर सहा महिन्यांचे १,०८,००० रुपये होतात. दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव तीन वर्षे चालवली की व्याज न धरताही एवढी रक्कम जमते. एवढे जमत नसेल तर ५०० रुपयांपासून सुरुवात करा. यातला काही भाग घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात असावा. तपासणीला जाण्यासाठी तिला कुणाकडे पैसे मागावे लागू नयेत.

पायरी २ : निरोगी असतानाच विमा

• आयुष्मान भारत योजनेत (सुरुवात २०१८) पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. आजार आधीपासूनचा असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट नाही. आपले नाव यादीत आहे का, ते आजच पाहा.

• खासगी आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. गाठ लागल्यावर ती लपवून पॉलिसी घेतली तर दावा नाकारला जातो आणि हप्तेही वाया जातात.

• 'गंभीर आजार' पॉलिसीत निदान झाल्यावर एकरकमी पैसे मिळतात. मात्र अगदी सुरुवातीचा, जागेवरच असलेला कर्करोग त्यात बहुधा धरत नाहीत. सही करण्यापूर्वी अपवादांचे पान वाचा.

• २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. जुन्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावर आणि प्रतिबंधक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते.

पायरी ३ : ठेव मोडण्यापूर्वी विचारा

समजा २,००,००० रुपयांची तीन वर्षांची एफडी ७ टक्क्यांनी आहे आणि दोन वर्षे झाली आहेत. आज ८०,००० रुपये हवेत.

ठेव मोडली तर : दोन वर्षांचा दर ६.७५ टक्के, त्यातून १ टक्का दंड वजा, म्हणजे ५.७५ टक्के. सरळ व्याजाने दोन वर्षांत सुमारे ५,००० रुपये कमी मिळतील.

ठेवीवर कर्ज घेतले तर : दर सहसा ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ९ टक्क्यांनी ८०,००० रुपयांवर चार महिन्यांचे व्याज २,४०० रुपये होते आणि ठेव चालूच राहते.

दर बँकेनुसार बदलतात. पैसे लवकर फेडता येणार असतील तर कर्ज बरे. फेडणे शक्यच नसेल तर ठेव मोडणे बरे. पण ५,००० रुपये वाचवण्यासाठी तपासणी पुढे ढकलणे, हा यातला कोणताच पर्याय नव्हे.

पीपीएफ खाते पाच वर्षांनंतर गंभीर आजारासाठी मुदतीपूर्वी बंद करता येते, व्याजात एक टक्का कपात होते. ईपीएफमधून आजारपणासाठी रक्कम काढता येते. कर्करोग रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात तिकिटाचे पैसे पडत नाहीत, सोबत्यालाही सवलत असते. खासगी सावकार आणि फोनवरचे झटपट कर्ज यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४ : कागदपत्रे

खाते शक्यतो संयुक्त ठेवा. प्रत्येक ठेवीला वारस नेमणूक आहे का पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नावे देता येतात. पॉलिसी, आयुष्मान कार्ड आणि ठेवीच्या पावत्या एका पिशवीत ठेवून घरातल्या दोघांना जागा दाखवा.

स्वतः करून पाहा

१. तुमच्या घराचा सहा महिन्यांचा खर्च किती? त्यापैकी किती रक्कम आज हाताशी आहे?
२. घरातल्या तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची शेवटची स्तनतपासणी कधी झाली? झाली नसेल तर जवळचे आरोग्य केंद्र आणि वार लिहा.
३. तुमच्या पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी शोधून काढा.
४. तुमच्या एफडीवर किती कर्ज मिळेल, ते शाखेत विचारा.

आता कुणी ठेव मोडायला आले की मी आधी विचारते, "काही तातडीचे आहे का?" बहुतेकांचे कारण साधे असते. एखादी बाई मात्र आवाज खाली करते. तुमच्या शाखेत कुणी विचारले नाही, तर तुम्हीच सांगा. बँकेच्या काउंटरवर आजाराचे नाव घ्यायला लाजू नका.