परसातील खोपट आणि सात्त्विक दान

श्रीमद्भगवद्गीतेच्या 17 व्या अध्यायात 20 ते 22 या श्लोकांत दानाचे त्रिविध स्वरूप सांगितले आहे. अन्नदान वा द्रव्यदान करताना ते आठवते. परसातील खोपट रिकामे करताना मात्र सहसा आठवत नाही.

एखादा सुतार निवर्तला आणि नोकरदार मुलाने त्याचे खोपट उघडले, असे समजावे. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटे आणि त्यांतच मोडक्या बिजागऱ्या. मोडीत घालावे तर सर्वांचा भाव वजनावर! म्हणून आधी निवड हवी. वरवरचा गंज तेल लावून काचकागदाने घासला असता निघतो. सैल दांडा बदलता येतो. परंतु कोरड्या चाकावर तापून निळ्या पडलेल्या पात्याचे पाणी उतरलेले असते, त्याची धार टिकत नाही. तडा गेलेली हातोडी देणे तर घेणाऱ्याचा डोळा धोक्यात घालणे होय. तामस दानाच्या लक्षणांत ‘अवज्ञात’ हा शब्द आहे. ‘त्याला काय, एवढेही पुष्कळ’ अशा बुद्धीने गरिबाच्या दारी लोटलेली निकामी वस्तू त्यातच मोडते.

देश, काल व पात्र यांचा अर्थ करताना श्रीशंकराचार्यांनी कुरुक्षेत्रादी पुण्यस्थळे, संक्रांतीसारखे पर्वकाळ आणि वेदवेदांगपारंगत विद्वान सांगितले आहेत. हत्यारांना हे लावणे भाष्याबाहेरचे आहे खरे. पण तत्त्वाला सोडून नाही. काम शिकलेला, परंतु मालकाच्या हत्यारांवर राबणारा तरुण सुतार हे येथे पात्र. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि बंगालमध्ये भाद्रसंक्रांतीस विश्वकर्मापूजेच्या वेळी हत्यारांची पूजा होते. ज्याच्यापाशी पूजेस मांडावयाला स्वतःचे एकही हत्यार नाही, त्याला ते त्यापूर्वी मिळावे, हा काल.

खरी अडचण पुढेच आहे. वडिलांच्या तळहाताने गुळगुळीत झालेला रंधा देताना मुलाचा हात अडखळतो. ‘यावरील नाव पुसू नकोस, आमचे दरवाजे तेवढे फुकट दुरुस्त करून दे,’ असे तोंडून निघते. नावापुरती विनंती समजण्यासारखी आहे. दरवाज्यांची अट मात्र उघड प्रत्युपकाराची, म्हणजे राजस. आणि जिवावर येऊन दिलेल्या दानाला गीतेत ‘परिक्लिष्ट’ हा शब्द आहे. मन तयार नसेल तर तो एक रंधा खुशाल ठेवावा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच्या पात्याला तेल लावावे. बाकीची पेटी त्या तरुणाकडे धार लावूनच पोहोचवावी.