फुकटचे दोन तास

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की चौदा तास. हे गणित आमच्या एजंटने मोबाईलवर करून दाखवलं आणि वर म्हणाला, "काका, वेळापत्रकात सोळा लिहिलेत. म्हणजे दोन तास फुकटचे!" त्या भरवशावर न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कहून रॅलेचं विमान त्याने वेगळ्या तिकिटावर घेतलं, मध्ये जेमतेम पावणेदोन तास ठेवून. पुरणार नाही, हे मी तिथेच सांगितलं होतं. ही साक्षीला आहे.

ते दोन तास कुठे मुरतात, हे सीटसमोरच्या पडद्यावर दिसत होतं. विमान सरळ रेषेत जात नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद, म्हणजे अरबी समुद्रावरून वळसा. त्यात पश्चिमेला जाताना वारा समोरून. पडद्यावर त्याचा वेग ताशी शंभराच्या वर. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही सोळा तासांतच धरलेली असते. फुकटचं काही नव्हतं.

विमान वेळेवर उतरलं, बरं का. पण इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावर बॅगांची वाट, मग कस्टम्स, मग दुसरं टर्मिनल. हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. काउंटरवरच्या बाईंनी तिकीट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, वेगळं तिकीट आहे, आम्ही काही करू शकत नाही. नवी तिकिटं डॉलरमध्ये काढली. एजंटला फोन लावला तर म्हणतो, "काका, जरा भरभर चालायला हवं होतं." भरभर!

तेव्हा जाणाऱ्यांनो, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात पडते. बॅग शेवटच्या शहरापर्यंत टॅग केलेली असली, तरी अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बहुतेक वेळा ती उचलून पुन्हा द्यावी लागते. मध्ये तीन तास तरी ठेवा, चार असले तर उत्तम. आणि हे कुणी सांगत नाही: जाण्या-येण्याच्या तिकिटाचा पहिला टप्पा चुकला की परतीचाही बहुधा रद्द होतो. आमचा झाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात. न्यूयॉर्कशी साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो, परतीच्या वेळा पुन्हा तपासा. पाणी पीत राहा, पाय मोकळे करा, गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या.

आणि एजंट जे जे म्हणेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. फोनवर बोललेलं तो नंतर कबूल करत नाही. आमच्याने तर "फुकटचे" हा शब्दच आपला नाही म्हणून सांगितलं.