जू उतरल्यानंतर

माझं बालपण नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत गेलं आणि आता म्हातारपणही तिथंच चाललंय. विश्वासात टिकायचं आणि तरी गुदमरायचं नाही, याबद्दल जे हाती लागलं ते मी मंडळीतल्या तरुण पोरींना सांगते. तेच इथं लिहिते आहे.

१. विवेकबुद्धी कुणाकडे गहाण टाकू नये. हे मी पंडिता रमाबाईंकडून शिकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. परका देश, पदरात लहानगी लेक मनोरमा आणि आधार मठातल्या भगिनींचा. तरीही ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या ‘आजीबाई’ म्हणत, त्यांनाच रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे कळवलं की पुरोहितवर्गाच्या हुकमापुढे मी माझा विवेक ठेवणार नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही. लॅटिन अक्षरं असलेला क्रूस घालायलाही त्या राजी नव्हत्या. खाल्ल्या अन्नाचे उपकार असताना असं बोलायला किती बळ लागत असेल! पुढं याच बाईंनी केडगावला मुक्तिसदनात शेकडो टाकलेल्या मुलींना सांभाळलं, हिब्रू-ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, आणि १९२२ साली मरेपर्यंत ते काम सोडलं नाही. त्यांना हट्टी म्हणणारे हा भाग वाचतच नाहीत.

२. धास्तीनं प्रार्थना करू नये. सकाळी शास्त्र उघडलं नाही म्हणून दिवस वाईट जाणार, असं मानणाऱ्या बायका मला भेटतात. शकुन-अपशकुनांची जुनी भीतीच ती. अशा वेळी मी त्यांच्याबरोबर बसून पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचते, सावकाश, दोनदा. पुन्हा दास्याच्या जुवाखाली जाऊ नका, असं तो तिथं सांगतो.

३. दुखण्याचा दोष आजाऱ्याच्या विश्वासावर टाकणाऱ्याला तिथंच थांबवावं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एक पाहुणे उपदेशक घरी आले. म्हणाले, या घरात कुठंतरी अविश्वास आहे. मोठं दान द्या, वाट मोकळी होईल. आई उशीवरून म्हणाली, “भाऊ, मला आजार आहे, पण प्रभूशी माझं भांडण नाही.” मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. कृपा विकत मिळते असं सांगणारा माणूस कितीही गोड प्रार्थना करो, तो आपल्या मानेवर पुन्हा जू ठेवतो. हे मी आजही तितक्याच तळमळीनं सांगते.

४. दुसऱ्याला त्याचा वेळ द्यावा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली ताटातूट, सोवळं-ओवळं, मनातली घालमेल हे सगळं ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी मोकळेपणानं लिहिलंय. जातिभेद माणसानं केलाय हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा तो कायमचा गेला. सून उपासनेला येत नाही म्हणून रागावणाऱ्या सासवांना मी हे पुस्तक देते.

५. मोकळं झालो म्हणून मंडळी सोडू नये. पौल स्वातंत्र्याबद्दल बोलतो आणि लगेच प्रीतीनं एकमेकांची सेवा करायला सांगतो. त्याला एकट्याचं स्वातंत्र्य ठाऊकच नाही. आमच्या मंडळीत मिळकतीवरून दोन तट पडले, कोर्टकज्जे झाले, नात्यातली माणसं वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली. मला दोन्हीकडून विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या? मी प्रभूची आहे, म्हणून मला दोन्ही घरी जाता येतं. कुणी आजारी पडलं की जाते, डबा नेते, प्रार्थना करते, खटल्याविषयी बोलत नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी दोन्ही तटांतल्या बायकांना उद्या या म्हणून निरोप पाठवते. काही येतात, काही अजून येत नाहीत. निरोप मात्र सगळ्यांना जातो.