सव्वा मूठ

॥ श्री ॥

देवपूर, धुळे
श्रावण शुद्ध द्वितीया

चि. बाळू यास अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हाताशी फोन असताना अण्णांनी कागद का खराब केला, असे तुला वाटेल. कारण इतकेच की, फोनवर मी रागावलो म्हणजे तू ‘हो अण्णा, हो अण्णा’ म्हणत माझा राग संपण्याची वाट पाहत बसतोस, हे मला ठाऊक आहे. तुझे नानाही, माझा धाकटा भाऊ तो, लहानपणी नेमके असेच करीत. शिवाय जे लिहावयाचे आहे त्यातील एक गोष्ट तोंडाने उच्चारण्याचे धैर्य मला इतक्या वर्षांत झालेले नाही, ते आता या वयात होईल अशी आशाही नाही.

गेल्या मंगळवारी आपल्या गावचे एक गृहस्थ, जे केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहेत आणि रिकाम्या मालमोटारीबरोबर रावेरकडे निघाले होते, त्यांनी तुला पाळधीच्या बाजूला पाहिले. महामार्ग सोडून त्यांची गाडी डावीकडच्या उताराने सर्व्हिस रोडकडे उतरू लागते न लागते तोच, त्याच उतारावरून एक मोटारसायकल समोरून वर चढत आली. चालवणारा एक, मागे दोघे, आणि तिघांत मिळून असलेले एकमेव हेल्मेट आरशाला अडकवलेले. मालमोटारीच्या चालकाने ब्रेक असा दाबला की केबिनमधला जेवणाचा डबा यांच्या अंगावर आला. आणि तो मुलगा, रस्त्यात कोणी ओळखीचे भेटावे तसा हात वर करून, हसत निघून गेला. नंबरपट्टीखाली आपल्या पिठाच्या गिरणीचे नाव होते. हे गृहस्थ गोष्ट सांगताना पदरचे चार आणे घालतात, अशी त्यांची ख्याती आहे. म्हणून मी चार दिवस स्वतःची समजूत घालून पाहिली. परंतु हात वर करून हसण्याचा तपशील कोणी रचून सांगत नाही, बाळू. तो तूच.

आणि हे सारे कशासाठी, तर पलीकडच्या ढाब्यावर शेवभाजी खावयास जाताना पुलाखालून घालावा लागणारा दीड किलोमीटरचा वळसा वाचावा म्हणून! तुझ्या आईच्या हातची शेवभाजी ज्याने खाल्ली आहे त्याने ढाब्यावरच्या शेवभाजीसाठी जीव धोक्यात घालावा, हा निराळाच अपराध. पण तो तूर्त बाजूला ठेवतो.

ज्याला तुम्ही मुले रॅम्प म्हणता, त्या रस्त्याच्या तुकड्याचा स्वभाव तू कधी शांतपणे पाहिला आहेस काय? तेथे कोणाचाच वेग कायम नसतो आणि कोणाचीच नजर समोर पुरती नसते. वर चढणारा उजव्या खांद्यावरून मागे पाहत असतो, कारण त्याला धावत्या प्रवाहात शिरावयाचे असते; खाली उतरणाऱ्याच्या अंगात महामार्गाचा वेग अजून मुरलेला असतो, आणि ताशी ८० ची सवय जडलेल्या डोळ्याला ५० म्हणजे जवळजवळ उभे राहिल्यासारखेच वाटते. समोरून कोणी येईल, ही कल्पनाच त्या जागी कोणाच्या मनात नसते. कारण त्या एकाच खात्रीवर तो रस्ता बांधलेला असतो. ती मालमोटार ६० ने उतरत असेल आणि तू ४० ने चढत असशील, तर तुमच्यातले अंतर दर सेकंदाला २८ मीटरने आटत होते. आपल्या ओट्यापासून मारुतीच्या पारापर्यंतचे अंतर एका श्वासात संपावे, तसे. त्यात हा पावसाळा, आणि गिरणेच्या वाळूचे डंपर वळणावळणावर सांडून जातात ती वाळू. पावसाने भिजलेली ती वाळू दिसत नाही, आणि टायरला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मंगळवारी तू उलटा चढलास तेव्हा तुझ्याजवळ सुटण्याची जागा किती होती? एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला मालमोटार. मी त्या उताराचे चित्र काढून पाहिले. मला जागा सापडली नाही.

तू हसशील, की अण्णा कागदावर अपघात काढतात. परंतु माझी सारी नोकरीच त्यात गेली. धुळ्याच्या कोर्टात मोटार अपघाताच्या दाव्यांची दप्तरे मी इतकी वर्षे हाताळली की पंचनाम्याची भाषा मला स्तोत्रासारखी पाठ झाली आहे. त्यात वाहनाचे तोंड कोणत्या दिशेस होते हे लिहावेच लागते. ‘मोटारसायकल पश्चिमेस तोंड करून पडलेली’, एवढे एक वाक्य वाचले, आणि त्या बाजूची रहदारी पूर्वेकडे जाणारी असली, की पुढचे पान उलटण्यापूर्वीच दाव्याचे काय होणार ते मला कळत असे. दोषाचा वाटा मयताच्या माथी, भरपाई तितकी कमी. त्याखाली जप्त वस्तूंची यादी: एक चप्पल, एक डबा, फुटलेला फोन. दोन्ही चपला क्वचितच सापडत.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या कोणत्याही पुस्तकात नसेल. मयताच्या वारसांना किती द्यावयाचे याचा हिशेब २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात घालून दिला आहे. १५ ते २५ या वयाला गुणक १८. मयत अविवाहित असेल, तर तो जगता तर स्वतःवरच खर्च करता, असे धरून उत्पन्नातील निम्मे वजा. विद्यार्थ्याचे उत्पन्न नसतेच, तेव्हा ते अंदाजाने धरावयाचे. तुझ्या वयाच्या मुलांचे हे गुणाकार मी पडताळले आहेत, बाळू, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवलोही आहे. मंगळवारची बातमी ऐकल्यापासून मात्र तोच १८ चा आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. मला तुझा गुणाकार करावयाचा नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तू ते ऐकणार नाहीस आणि तरीही ते मला सांगितलेच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीने, रहदारीच्या ठरल्या दिशेविरुद्ध वाहन हाकणे हे धोकादायक वाहन हाकण्यात नाव घेऊन घातले आहे. दंड आणि कैद दोहोंची तरतूद आहे. दुचाकीवर मागे एकच माणूस. हेल्मेट दोघांनाही. त्यातून तुझे लायसन अजून कच्चे! कच्च्या लायसनवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. तू दोघांना बसवलेस. तीस दिवस उलटले की पक्क्याची परीक्षा देता येते, आणि तुझे तर चार महिने उलटून गेले. उद्या तुझ्या हातून कोणी जखमी झाला, तर विमा कंपनी त्याला पैसे देईल आणि मग तेच गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम मागेल. गाडी नानाच्या नावावर आहे. गिरणी नानाची आहे. पुढचे तुला समजते.

आता रीतीने कसे जावे तेही ऐक, म्हणजे अण्णा नुसते ओरडले असे होणार नाही. महामार्गावर चढताना चढाच्या तोंडाशी बिचकून थांबू नकोस आणि हळूहळू घुसूही नकोस. चढाची सारी लांबी वेग धरण्यासाठीच दिलेली असते, ती पुरती वापर, दिवा आधीपासून लुकलुकू दे, आणि आरशावर भिस्त न ठेवता मान वळवून पाहा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि चढरस्ता डावीकडून मिळतो, म्हणजे तू मालमोटारीच्या ज्या कुशीत शिरतोस तीच तिच्या चालकाची आंधळी बाजू. त्याचा चेहरा तुला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर तू त्याला दिसत नाहीस असे खुशाल समज. मुख्य रस्त्यावरच्याचा हक्क पहिला. त्याला जाऊ द्यावयाचे, त्यात कमीपणा नाही. उतरताना वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना मोडावा, वळणात नव्हे. आणि फाटा चुकला तर चुकला. पुढच्या फाट्यावरून परत ये. शेवभाजी दहा मिनिटांनी थंड होत नाही, आणि झाली तरी ढाबेवाला गरम करून देईल.

ज्या सर्व्हिस रोडांना तुम्ही कंटाळता, त्या समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, हे तुला कोणी सांगितले आहे काय? जुना सहा नंबर, म्हणजे तुमचा आताचा ५३, गावाच्या पोटातून जात असे, आणि अजिंठा चौफुली व इच्छादेवी चौकात मुलाला शाळेत पोचवणाऱ्या आईला आणि कोलकात्याला निघालेल्या कंटेनरला एकच रस्ता होता. माणसे गेली तेव्हा हे रस्ते झाले. त्यांवरून उलटे जाणे हा मला, कायद्याचे सोड, कृतघ्नपणा वाटतो. (हे वाक्य फार भारी झाले. खोडावेसे वाटते, पण राहू दे.)

गेलेल्या माणसांवरून आठवले. पाळधी ज्या धरणगाव तालुक्यात आहे, त्या धरणगावचे बालकवी ठोंबरे. त्यांचा शेवट कसा झाला हे आमच्या मास्तरांनी आम्हाला सांगितले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो: ५ मे १९१८, भादली स्थानकाजवळ, रुळांवर, गाडीखाली, वय अवघे सत्तावीस. भादली जळगावपासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. तू तेथे मित्राच्या घरी जातोस. पुढे कधी त्या बाजूला गेलास म्हणजे आठवण ठेव, एवढेच. खानदेशाने तो एक गमावला, तो अजून सलतो. बाकीचे ज्यांनी गमावले त्यांची नावे फक्त दप्तरात आहेत.

आता जे लिहिण्यासाठी कागद घेतला ते.

नानाच्या पायाची हकीकत तुला जशी ठाऊक आहे, तशी ती घरात सर्वांना ठाऊक आहे: आग्रा रोडवर पेट्रोल भरून निघाले, गाडी उलटी घातली, समोरून मालमोटार आली. १९८९ चा जुलै होता. १ तारखेला नवा मोटार वाहन कायदा अमलात आला होता आणि त्याचे गॅझेट कचेरीत माझ्याच टेबलावर पडलेले होते. मी नवा कारकून, कलमे पाठ करण्याची मोठी हौस. तेव्हा नाना एकोणीस वर्षांचा होता. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे लळिंगच्या चढावर धावून येत असे. त्याच्यासारखे पाय आपल्या भाऊबंदांत कोणाचे नव्हते. मामांची राजदूत मागून आणली होती, नाना चालवीत होता, मी मागे होतो. पावसाचे थेंब सुरू झाले. पुढे जाऊन वळसा घेण्यासाठी नानाने गाडी डावीकडे वळवली होती, बाळू. बरोबर वळवली होती. मागून मी म्हणालो, ‘काढ ना भो आठून, कोन देखस!’

जबानीत नाना म्हणाला, ‘गाडी मीच वळवली.’ ते खरेच होते. विचारणाऱ्याने तेवढेच विचारले होते. मला खरचटलेसुद्धा नाही. मी त्याच्या खाटेशेजारी बसून होतो, आणि ज्याला कलमे पाठ होती तो तोंड उघडू शकला नाही. त्यानंतर आजतागायत या गोष्टीवर आम्ही दोघे एक शब्द बोललेलो नाही. गिरणीत तो डावा पाय ओढीत डबे उचलतो आणि मला पाहताच खुर्ची पुढे सरकवतो. आजही थोरल्या भावाचा मान ठेवतो. त्या खुर्चीवर बसणे मला किती जड जाते, हे त्याला कळते की नाही, कोण जाणे, कळत असावे.

म्हणून मंगळवारचे ऐकल्यापासून मला तुझ्यापेक्षा त्या मागच्या दोघांचा विचार अधिक छळतो. त्यांच्यापैकी कोणीतरी ‘काढ, कोण बघतंय’ असे म्हणाले असेल. त्याच्यावर रागावू नकोस. ऐकूही नकोस. पुढच्याच्या हातात हँडल असते, मागच्याच्या तोंडात फक्त शब्द असतो. तो शब्द पडला की मागचा उडी मारून मोकळा होतो, आणि मग जन्मभर मोकळा होत नाही.

मी फार बोललो. तू वाईट मुलगा नाहीस. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मायला दवाखान्यात नेताना तू तीच गाडी अशी चालवलीस की तिला वाटेत डुलकी लागली, हे तिनेच मला सांगितले. तसा चालवणारा तूच, आणि मंगळवारचाही तूच. त्यातला कोणता खरा, हे विचारण्याचा अधिकार मला कमीच आहे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसायची. मायने काल तिच्या नैवेद्याच्या रोटांचे धान्य काढले. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तिची बोटे आता मिटत नाहीत नीट. तुझ्या नावाची मूठ भरताना दाणे निसटले, तर तिने ती परत ओतली आणि पुन्हा पहिल्यापासून भरली. वाढत्या मापाचा आहे, म्हणाली. नाना शनिवारी गिरणी धुऊन स्वतः दळणार आहे. रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, तेव्हा तुझ्या वाटचे कोणी दुसरा खाणार नाही. एस.टी.ने ये. शनिवारी दुपारपासून मी धुळ्याच्या स्टँडवर बसलेला असेन; गाडी उशिरा आली तर घाबरा होऊ नकोस, मला दुसरे काम नाही.

तुझा
अण्णा

ता. क. तुझ्या खात्यात पैसे टाकले आहेत. आयएसआय शिक्का पाहून, डोक्याला घट्ट बसेल असे हेल्मेट घे, पट्टा लागतो की नाही ते दुकानातच पाहा. एक नव्हे, दोन घे. दुसरे मागे बसणाऱ्यासाठी.