हसण्याचा जमाखर्च

साधनेला लागलेल्या माणसाने गंभीर दिसावे, असा एक समज आपल्यात आहे. ध्यानाला बसून जेमतेम दोन महिने होतात आणि घरातली माणसे ‘अजून मायेत अडकलेली’ वाटू लागतात. त्यांनी टीव्हीवर मालिका लावली की आपण सुस्कारा सोडतो. मग त्याच मालिकेचा पुढचा भाग रात्री मोबाइलवर, कानाला हेडफोन लावून पाहतो. हे वाचून आपल्याला हसू आले असेल, तर आजच्या पाठाला सुरुवात झाली आहे.

आजचा प्रश्न असा: माणसाच्या स्वभावावर हसावे की नाही? आणि हसायचे असेल, तर कसे?

नोंद दोन्हीकडे हवी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. हिशेबात सुरुवातीलाच शिकवतात की प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी करायची. एकाच खात्यात लिहिली, तर ताळा जुळत नाही. हसण्याचेही असेच आहे. शेजाऱ्याच्या कंजूषपणावर आपण हसलो, ती झाली एक नोंद. तोच कंजूषपणा आपल्यात कुठे दडला आहे हे पाहिले, की दुसरी नोंद होते. पहिलीच करून थांबलो, तर तिला टवाळी म्हणतात. दोन्ही केल्या, तर तेच हसणे आत्मपरीक्षण होते.

ही काही नवी कल्पना नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी भारुडे रचली. त्यांतून वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, गोंधळी बोलतो. विंचवाचे भारुड तर महाराष्ट्रात आजही रंगते. सादर करणारा कलाकार विव्हळतो, उड्या मारतो, लोक पोट धरून हसतात. मग कळते की हा विंचू म्हणजे काम आणि क्रोध, आणि त्याचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो विंचू शेजाऱ्याला चावलेला नाही. बोलणाऱ्याला स्वतःलाच चावला आहे. नाथांनी ‘तुम्ही रागीट आहात’ असे सांगितले असते, तर लोक उठून गेले असते. त्यांनी ठणका स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणून लोक बसून राहिले.

दिल्लीत काम केलेला एक माणसांचा अभ्यासक

आपण दिल्ली परिसरातले मराठी लोक या संदर्भात पु. ल. देशपांडे यांना हक्काने आठवू शकतो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले. त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे काम करणाऱ्यांत पु. ल. होते. पंडित नेहरूंची दूरदर्शनसाठी मुलाखतही त्यांनी घेतली. लेखक, नट, संगीतकार, पेटीवादक, दिग्दर्शक अशी त्यांची किती रूपे सांगावीत! पण या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे माणसाबद्दलचे कुतूहल.

‘व्यक्ती आणि वल्ली’ या त्यांच्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात राजे-महाराजे नाहीत. दुसऱ्याच्या घरच्या लग्नात जीव तोडून राबणारा नारायण आहे. आपल्या प्रत्येक शिबिरातही एक नारायण असतोच. सतरंज्या त्याच्याकडे, चहा त्याच्याकडे, परतीची तिकिटेही त्याच्याकडे. त्याच्या धावपळीवर आपण हसतो. पु. लं.चा लेख वाचतानाही आधी हसू येते, आणि शेवटाकडे मन गप्प होते. या माणसाची विचारपूस कुणी केली का, असे वाटू लागते. रत्नागिरीच्या अंतू बर्व्याचे बोलणे तिरकस. पण त्या तिरकसपणाच्या आत किती एकटेपणा आणि ओढग्रस्त आहे, हे हळूहळू उमगते. माणूस विचित्र वाटला की आपण त्याच्यावर शिक्का मारून मोकळे होतो. पु. ल. तिथे जरा जास्त वेळ थांबले. आपल्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, आणि तोच फार मोठा.

‘बटाट्याची चाळ’मध्ये वजन कमी करण्याच्या संकल्पाची गोष्ट आहे. संकल्प एकाचा आणि सल्ले साऱ्या चाळीचे. ही फजिती सांगणारा ‘मी’च आहे, हे महत्त्वाचे. पहाटे चारला उठण्याचा संकल्प ज्याने कधी केला आहे, त्याने ते प्रकरण जरूर वाचावे. संकल्प जाहीर करण्याचा उत्साह आणि तो पाळण्याचा उत्साह यांचे वजन वेगवेगळे असते, हे कोणत्याही काट्याविना कळेल.

कुतूहल म्हणजे नम्रता

पन्नाशीच्या आसपास पु. ल. बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. मराठीत नाव, कीर्ती, भरलेली नाट्यगृहे सगळे मिळालेले असताना हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. नवी भाषा शिकणारा रोज चुकतो आणि लहान मुलेही त्याला हसतात. ते हसू ज्याला सोसते, तोच शिकतो. आपण पन्नाशीत ‘मला आता काय शिकायचे राहिले’ म्हणतो. काही जण हे पंचविशीतच म्हणतात.

अहंकाराला विनोद आवडत नाही असे नाही. दुसऱ्यावरचा विनोद त्याला फार आवडतो. स्वतःवरचा आला की मात्र तो लगेच म्हणतो, ‘हे काही बरोबर नाही.’ आपल्या साधनेची परीक्षा ध्यानात होते तशी या एका क्षणातही होते.

एक सावधगिरीही हवी. स्वतःवर हसणे म्हणजे स्वतःला कमी लेखणे नव्हे. ‘मी अगदीच नालायक’ असे सारखे म्हणणे हाही अहंकारच. त्यातसुद्धा सगळे बोलणे ‘मी’भोवतीच फिरते. तसेच ज्याला खरोखर दुःख झाले आहे, त्याच्यापुढे विनोद करू नये. तिथे नुसते जवळ बसावे.

पु. लं.च्या हिशेबाची आणखी एक बाजू आहे. लोकांना हसवून जे मिळाले, त्यातला मोठा वाटा पु. ल. आणि सुनीताबाईंनी प्रतिष्ठानामार्फत समाजाला परत दिला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीला त्यांचा हातभार होता. म्हणजे प्रेक्षकांच्या हसण्यातून जमलेले पैसे व्यसनात सापडलेल्या माणसांना पुन्हा उभे करण्यासाठी खर्च झाले. जमेची बाजू हसणे, खर्चाची बाजू करुणा. असा ताळेबंद आपल्याला कधी मांडता येईल का?

या आठवड्याचा स्वाध्याय

१. नोएडाहून राजीव चौकापर्यंत मेट्रोने जाताना दहा मिनिटे मोबाइल खिशात ठेवा. आजूबाजूच्या माणसांकडे, टक न लावता, पाहा. मनात कोणाबद्दल शेरा उमटला, तर त्याची नोंद घ्या. मग ‘या माणसाचा आजचा दिवस कसा गेला असेल?’ हा प्रश्न स्वतःला विचारा.

२. ज्याच्या सवयीवर आपण नेहमी हसतो अशी घरातली किंवा कार्यालयातली एक व्यक्ती निवडा. तीच सवय आपल्यात कोणत्या रूपाने आहे ते वहीत लिहा. ‘माझ्यात नाही’ असे उत्तर आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. तरीही तेच उत्तर आले, तर घरच्यांना विचारा. ते आनंदाने सांगतील.

३. आपल्या केंद्रावरच्या ‘नारायणा’ला कार्यक्रम संपल्यावर विचारा, ‘आपले जेवण झाले का?’ आणि उत्तर ऐकायला थांबा. मग सतरंजीचे दुसरे टोक आपण धरा.