एकच झाड, एकच टेकडी

अगं, आधी तो मोबाइल उपडा ठेव बघू. कुणाच्या मुलीनं शिंपल्यांची फोटोफ्रेम केली, कुणी दर रविवारी मुलांना घेऊन घाटात जातं, कुणाच्या गॅलरीत चिमण्यांसाठी लाकडी घरटं टांगलंय. ती एकेका घरातली एकेक चांगली दुपार असते. तुझ्यासमोर मात्र शंभर घरांच्या शंभर दुपारी एकदम येतात आणि तुला वाटतं, आपल्याच मुलांचं बालपण कोरडं चाललंय. तसं काही नाहीये गं. नोकरी, डबे, धाकट्याची सर्दी आणि थोरलीचं दिवसभर 'का? का?' हे सगळं तू निभावतेसच. त्यात निसर्ग नावाचा आणखी एक विषय घुसवायचा नाहीये आपल्याला.

खरं सांगू का, लहान मुलाला निसर्ग पुष्कळ लागत नाही, तोच तोच लागतो. चार वर्षांचं मूल रोज रात्री तीच गोष्ट मागतं आणि एक शब्द बदलला तरी अडवतं. झाडाचंही तसंच आहे. नव्या जागी नेलंस तर ते आधी गर्दी बघतं, मग भेळेची गाडी बघतं आणि मग कडेवर घे म्हणतं. ओळखीच्या जागी पुन्हा पुन्हा नेलंस, की एक दिवस थांबून म्हणतं, "आई, काल इथं मुंग्या नव्हत्या." काय बदललं हे कळायला आधी काय होतं ते ठाऊक असावं लागतं बघ.

म्हणून एक झाड निवड. शाळेच्या वाटेवरचं, सोसायटीच्या फाटकाजवळचं, कुठलंही. फक्त रोज दिसणारं हवं. देशी बदाम असेल तर हिवाळ्यात त्याची पानं लालभडक होऊन गळतील आणि पाठोपाठ नवी पालवी येईल. त्याच्या फळांवर वटवाघळं ताव मारतात, त्यामुळे सकाळी झाडाखाली कुरतडलेले बदाम पडलेले असतात. रात्री कोण आलं होतं याचा शोध थोरलीला घेऊ दे. वर्षावृक्ष असेल तर संध्याकाळी घरी येताना थांब जरा; त्याची पानं अंधार पडू लागला की मिटतात, आणि आभाळ भरून आलं तरी मिटतात. सावर असेल तर फारच छान. फेब्रुवारीच्या सुमारास एकही पान नसलेल्या त्या झाडावर मोठी लाल फुलं येतात आणि साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी अशी सगळी मंडळी तिथं मध प्यायला जमतात. मग उन्हाळ्यात तिची बोंडं फुटतात आणि कापूस रस्ताभर उडतो. तो गोळा करायला मुलांना पिशवी दे, बाहुलीची उशी होते.

झाडांची नावं येत नाहीत म्हणून तू मागे सरतेस ना? सरू नकोस. "मलाही नाही माहीत, आपण शोधू" हे आईच्या तोंडून ऐकलेलं मूल प्रश्न विचारायला घाबरत नाही. शिवाय आपल्या घरातच कुणाला तरी नावं येतात. गणपतीच्या पत्रीतल्या आघाडा, दूर्वा, शमी, माका, मरवा यांतल्या चार-पाच वनस्पती तरी सासूबाईंना किंवा तुझ्या आईला नक्की ओळखता येतील. बाजारातून पत्रीची जुडी आणलीस की ती पूजेआधी वर्तमानपत्रावर पसर आणि आजीला नातवंडांसोबत बसव. मरवा चुरगळून वास घ्यायचा, आघाड्याच्या तुऱ्यावरून उलटा हात फिरवायचा. कण्हेर आणि धोत्रा मात्र आजीच्याच हातात राहू दे, दोन्ही विषारी असतात. पाहून झालं की मुलांचे हात साबणानं धू.

आता तुझ्या गॅलरीत ये. कढीपत्त्याची कुंडी आहे ना? पानं कुणीतरी खातंय म्हणून तू वैतागली असशील. फवारा मारू नकोस, आधी कोवळ्या पानांवर नीट बघ. पिवळसर, मोहरीहूनही लहान असा एकेकटा गोल ठिपका दिसला, तर ते लिंबावरच्या फुलपाखराचं अंडं असतं. लिंबाच्या कुळातली झाडं या फुलपाखराला लागतात आणि कढीपत्ता त्याच कुळातला. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. ती सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तपकिरी-पांढरी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की कात टाकते आणि पानासारखी हिरवी होते. तिला काडीनं अगदी हळू डिवचलं तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदा पाहिलेलं मूल आयुष्यात विसरत नाही बघ. पण दिवसातून एकदाच डिवचायचं हा नियम कर, नाहीतर धाकटा तिला जगू द्यायचा नाही.

दोनेक आठवड्यांनी ती खाणं थांबवते, फांदीला चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते आणि कोष करते. आणखी आठवडा-दीड आठवड्यानं, बहुधा सकाळच्या वेळी, चुरगळलेल्या पंखांचं काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर येतं. ते पंख वाळेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही, त्या दिवशी शाळेला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. अळी बरणीत ठेवायची असेल तर तोंड रुंद असू दे, वर सुती कापड बांध, आत उभी काडी ठेव, रोज ताजी पानं घाल आणि विष्ठा काढ. पानं कुंडीतलीच घे. बाजारातल्या जुडीवर कीटकनाशक मारलेलं असलं तर अळी मरते.

आणि बघ, कधी कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. कोष काळा पडतो, किंवा त्यातून बारीक गांधीलमाशीसारखं काहीतरी बाहेर पडतं. मुलं रडतात. तेव्हा गुपचूप कुंडी साफ करून 'उडून गेलं' असं सांगू नकोस. एका छोट्या माशीनं आपली अंडी यात घातली होती, तिच्या पिल्लांनाही खायला लागतं, असं साध्या शब्दांत सांग. मुलांना हे पेलतं. आपल्यालाच वाटतं की पेलणार नाही.

आता बाहेर जाण्याबद्दल. पुण्यात असशील तर वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती यांतली घराजवळची एक धर. नागपुरात अंबाझरीचा काठ, कोल्हापुरात रंकाळा. मुंबईत राणीची बाग आहेच. ती १८६२ पासूनची, त्यामुळे पेंग्विन बघून झाल्यावर खरं बघण्यासारखं काय असेल तर तिथली जुनी झाडं. गोरखचिंचेच्या बुंध्याला सगळ्यांनी मिळून मिठी मारून बघा, हात पुरतात का. बुधवारी बाग बंद असते हे लक्षात ठेव. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही लहानग्यांना छान आहे, आणि ते पूर्वी कचरा टाकायच्या जागेवर उभं राहिलंय हे ऐकलं की पाच-सहा वर्षांच्या मुलांचे डोळे मोठे होतात.

टेकडीवर माथ्यापर्यंत जायचंच असं मनाशी धरू नकोस. तासाभरात मूल दोनशे पावलं चालेल आणि उरलेला वेळ एका दगडापाशी बसेल. बसू दे. मोबाइल खिशात ठेवून तूही बस, तुलाही तो तास हवाच आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत पोच. पिशवीत पाणी, तूप-गुळाच्या पोळीची गुंडाळी, कपड्यांचा एक जोड, जुना पंचा आणि चिकटपट्टीचं एक रीळ असू दे. चिकटपट्टी कशाला म्हणशील, तर सुरवंटाचे केस हाताला लागले की चोळायचं नाही. पट्टी लावून ओढून काढायचे आणि मग साबणानं धुवायचं. कपडे मात्र जुनेच घाल. पांढरा फ्रॉक घालून नेलंस की तुझं सगळं लक्ष फ्रॉकवर राहतं आणि मुलाला प्रत्येक पावलाला 'नको' ऐकावं लागतं.

पहिल्या पावसानंतर तर जाच. मृगाचा किडा दिसेल, लाल मखमलीचा. त्याचे पाय मोजायला सांग. आठ भरतील, म्हणजे नावात किडा असला तरी तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. 'पैसा' दिसेल, हात लावला की वेटोळं करून पडणारा. पैसा आणि गोम यांतला फरक मुलांना पहिल्याच पावसात शिकव. पैसा गोल अंगाचा, संथ, आणि त्याच्या अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या. गोम चपटी, सुसाट पळणारी, वळ्याला एकच जोडी, आणि ती चावते. पैशाला हात लावला तरी नंतर हात धुवायचे, कारण तो अंगातून झोंबणारा रस सोडतो. टेकडीवरच्या डबक्यात गमबूट घालून उड्या मारू दे. मुंबईत रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मात्र नाही. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू त्या पाण्यात येतात आणि पायावर साधा ओरखडा असला तरी शरीरात शिरतात. आणि घाटातले धबधबे, घसरडे कातळ हे मुलं मोठी होईपर्यंत विसर. यात मी ऐकून घेणार नाही.

काससाठीही थांब, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं ते पठार अप्रतिम आहे, पण तिथली फुलं नाजूक आणि बोटाच्या पेराएवढी. हात लावायचा नाही, पळायचं नाही, वर पाऊस आणि गर्दी. तीन वर्षांच्या मुलाला ही शिक्षा वाटते. आठ वर्षांची झाली की ने, तेव्हा कीटक खाणारी वनस्पती गुडघे टेकून बघतील.

हस्तकलेचं म्हणशील तर दुकानातून किट आणू नकोस. जे खाली पडलेलं सापडतं त्यातूनच काहीतरी करायचं. गुलमोहराची कळी उघडून आतले केसर काढ, टोकं एकमेकांत अडकव आणि ओढ. कोंबड्यांची झुंज! ज्याचं डोकं तुटलं तो हरला. पिंपळाचं जून पान पाण्यात घालून ठेव, दोन-तीन दिवसांनी पाणी बदल. दोन-तीन आठवड्यांत गर कुजतो, मग नळाखाली मऊ ब्रशनं हलकेच घासलं की नुसती जाळी उरते. भांडं गॅलरीत ठेव, वास येतो. चिकटवायला कणकेची खळ पुरते. जुन्या लोकांना विचारलंस तर खळीत मोरचूद घाल म्हणतील, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, धाकटा सगळं तोंडात घालतो, तेव्हा नको. खळ थोडीच कर आणि फ्रीजमध्ये ठेव. त्याच कारणासाठी लाल-काळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया घरात आणू देऊ नकोस, कितीही सुंदर दिसल्या तरी. रुईचा चीकही डोळ्यात जाता कामा नये.

आणि दिवाळीचा किल्ला. बघ, वर्षभरात एकच मोठा उद्योग करायचा असेल तर हा कर. त्याआधी एक खरा किल्ला दाखव, म्हणजे बुरूज आणि टाकं हे नुसते शब्द राहणार नाहीत. सिंहगडावर गाडी जाते, देवटाक्यातलं पाणी बघता येतं, दही-पिठलं-भाकरी मिळते. मुलं जरा चालणारी असतील तर लोहगड. त्याची विंचूकाट्याची लांबुडकी माची वरून पाहिली की घरी आल्यावर ती मातीत करायचा हट्ट होतोच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगडही आहे, तेवढं थोरलीला सांग, शाळेत सांगत सुटेल.

दिवाळीच्या आठवडाभर आधी विटा-दगडांचा ढीग रच, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाक आणि वरून माती थाप. हळीव किंवा मोहरी भिजवून पेर. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. अर्ध्या किल्ल्यावर पेर आणि अर्धा उघडा ठेव. मग थोरलीच्या हातात झारी दे आणि दोन्हीकडे पाणी घालायला सांग. उघड्या उतारावरची माती ओघळून खाली येते, हिरव्या बाजूची बरीचशी टिकून राहते. मुळांनी माती धरली हे तिला तुझ्या सांगण्याशिवाय दिसेल. बुरूज वाकडा झाला तर सरळ करू नकोस हं. नवऱ्यालाही तसं बजावून ठेव. बाबा लोकांना किल्ला आपल्या मनासारखा हवा असतो आणि मुलं पाणी आणून द्यायला उरतात.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा. मोडायचं कामही मुलांनाच दे, त्यांना ते बांधण्याइतकंच आवडतं. मावळे धुऊन कागदात गुंडाळ, विटा जिन्याखाली रचून ठेव आणि माती वाळवून पोत्यात भर. पुढच्या वर्षी तीच भिजवता येते. थोडी उरली तर कढीपत्त्याच्या कुंडीत घाल, त्या अळ्यांनी खाल्लेल्या झाडाला जोर यायला हवा.