आठवणीमागची आठवण

माजी विद्यार्थी स्मरणिकेसाठी आठवणी लिहितात, तेव्हा एक गोष्ट आम्हांस वारंवार आढळते. वसतिगृहातील पहिल्या दिवसाचे वर्णन करताना पत्र्याच्या नव्या पेटीवरील फुले, जेवणाची घंटा, हेदवीच्या बामणघळीतून उसळलेले भरतीचे पाणी, सारे लख्ख आठवते. पोचवावयास आलेले वडील माघारी कसे वळले, हे मात्र आठवत नाही.

डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९९ साली याच कोड्यावर निबंध लिहिला. त्यांच्या मते मनात दोन प्रेरणा झगडतात. एक अनुभव महत्त्वाचा म्हणून जपू पाहते, दुसरी त्यातील वेदनेमुळे त्यास दूर सारते. तडजोड म्हणून त्या अनुभवाशेजारची एखादी निरुपद्रवी गोष्ट स्मरणात उरते. तीस आपण आवरणस्मृती म्हणू. निबंधातील अडतीस वर्षांच्या गृहस्थास पिवळ्या फुलांचे कुरण आणि पावाची अवीट चव आठवते. हे गृहस्थ खुद्द फ्रॉइडच, असे बर्नफेल्ड यांनी १९४६ साली दाखवून दिले. फ्रॉइड यांचे सारेच सिद्धान्त आजचे मानसशास्त्र मान्य करीत नाही. आणि प्रत्येक गोड आठवणीमागे जखम हुडकणे हाही अतिरेकच. तरीही सुट्टीत घरी आलेले मूल शाळेविषयी एकच किरकोळ गोष्ट पुनःपुन्हा सांगू लागले, तर पालकांनी ती घाईने उडवून लावू नये.

मज्झिम निकायातील सुनक्खत्त सुत्तात विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. शल्यवैद्य सळईने बाण कोठे रुतला ते शोधतो. ही सळई म्हणजे सति, असे तथागत सांगतात. सति या पाली शब्दाचा मूळ अर्थ स्मरण हाच आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये ही सळई स्वतःच्या बालपणात घातली. १९०१ च्या सुमारास ते भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून कोरेगावी वडिलांकडे निघाले. प्रवासासाठी शिवलेले नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे हे सर्व त्यांनी बारकाईने नोंदविले आहे. एखाद्याच्या मनाने एवढेच जपून ठेवले असते. बाबासाहेबांनी कपड्यांची हौस पुसली नाही आणि तिच्याआड दुसरे काही दडूही दिले नाही. मसूर स्थानकावर जात कळताच स्टेशनमास्तरांचा पालटलेला चेहरा त्यांनी लिहिला. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडीत बसेना, म्हणून मुलांनीच बैल हाकले, हेही लिहिले. रात्री जकातनाक्यापाशी मुक्काम पडला. शिदोरी भरपूर होती, भूकही होती. पिण्यास पाणी मिळाले नाही, म्हणून मुले तशीच उपाशी निजली.